चिंधी फुकट, पण हात फुकट नाहीत
कातरणीपासून लहान गोधडी : मांडणी, शिलाई आणि मजुरीचा हिशेब

कपडा कापला की कातरण उरतेच. कटिंग मास्तर कितीही हुशार असो, बाहीच्या गोलाईशेजारचा, गळ्यातला आणि कळीच्या कडेचा तुकडा शेवटी पोत्यात जातो. मदनपुरा असो, धारावी असो की आपल्या गावच्या बाजारपेठेतील दोन मशीनचे दुकान असो, संध्याकाळी अशी पोती दाराशी उभी असतात. काही भंगारवाला उचलतो, काही मशीन पुसायला जातात, उरलेली कचऱ्यात. याच पोत्यातून बाळाची सुबक गोधडी तयार होऊ शकते आणि ती विकलीही जाते. अकीका, बारसे, बाळंतविडा अशा प्रसंगी हाताने शिवलेली गोधडी भेट देण्याची हौस शहरातही दिसते.

आपल्या अनेक घरांत मशीन आहे, सुईत हात बसलेला आहे, माल जवळच पडलेला आहे. तरीही या कामातून घर चालत नाही अशी तक्रार आमच्या कानावर वारंवार येते. कारण शोधू गेल्यास ते कारागिरीत सापडत नाही, हिशेबात सापडते. म्हणून आज आम्ही गोधडी कशी शिवावी हे सांगणार आहोत आणि तिच्यात किती श्रम जातात हेही मोजून दाखविणार आहोत.

माल निवडताना

पहिली गोष्ट, सगळी कातरण बाळाच्या कामाची नसते. गणवेशाच्या कापडात बहुधा पॉलिस्टर असते. ते घाम शोषत नाही. शंका असेल तर दोन धागे काढून ते घरापासून दूर, पाण्याची वाटी जवळ ठेवून जाळून पाहावेत. सुती धाग्याला कागद जळाल्यासारखा वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. मिश्र कापडात दोन्ही खुणा दिसतात. असे तुकडे पिशव्यांसाठी बाजूला ठेवावेत.

दुसरी गोष्ट रंगाची. तुकडा ओला करून पांढऱ्या कापडावर घासावा. लाल, गडद निळा आणि काळा यांच्या बाबतीत ही तपासणी चुकवू नये. एक लाल तुकडा पहिल्याच धुण्यात सगळी गोधडी गुलाबी करतो आणि गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही. सर्व तुकडे उशीच्या अभ्ऱ्यात घालून, तोंड बांधून, एकदा धुऊन घ्यावेत. आटायचे ते शिवण्यापूर्वी आटते.

मांडणी

आपण 36 इंच लांब व 36 इंच रुंद गोधडी धरू. तयार चौकोन 4 इंचांचा हवा असेल तर कापताना तो साडेचार इंचांचा कापावा, म्हणजे चारही बाजूंना पाव इंच शिवण मिळते. नऊ ओळी, प्रत्येक ओळीत नऊ चौकोन, एकूण 81 तुकडे. पुठ्ठ्याचा साडेचार इंचांचा साचा करून ठेवला की कापणी सारखी होते. साचा झिजला की लगेच बदलावा.

कापलेल्या तुकड्यांचे तीन ढीग करावेत : गडद, मध्यम आणि फिका. गोधडी उठून दिसते ती बहुतांशी या फरकामुळे. लाल आणि हिरवा शेजारी ठेवले आणि दोन्ही सारखेच गडद असले तर लांबून सगळे एकच दिसते. ओळखण्याची जुनी रीत म्हणजे डोळे किलकिले करून पाहणे. आता मोबाईलवर काळा-पांढरा फोटो काढूनही हे कळते. बुद्धिबळाच्या पटासारखी गडद आणि फिकी घरे मांडायची तर 41 गडद आणि 40 फिके तुकडे लागतील. शिवण्यापूर्वी सगळी मांडणी सतरंजीवर पसरून पाहावी. लहान गोधडीवर मोठ्या फुलांचे कापड शोभत नाही, कारण फूल अर्धे कापले जाते. बारीक ठिपके, रेघा, छोटी पाने चालतात. तुकडे फारच बहुरंगी असतील तर एकच शांत रंग मधूनमधून सगळीकडे यावा. तो रंग सगळ्यांना एकत्र बांधतो.

शिलाई

दोन-दोन चौकोन जोडताना प्रत्येक वेळी दोरा तोडू नये. एक जोडी संपली की तिच्यामागे दुसरी सरकवावी आणि माळेसारखी शिवत जावे. वेळही वाचतो, दोराही वाचतो. शिवणीवर इस्त्री करताना पहिल्या ओळीतील शिवणी उजवीकडे आणि दुसऱ्या ओळीतील डावीकडे दाबाव्यात. म्हणजे ओळी जोडताना सांध्यावर सांधा बरोबर बसतो आणि तेथे गाठ होत नाही.

पाव इंचाची शिस्त मात्र मोडू नये. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. शिवण एका सुताने जास्त घेतली गेली तर दोन्ही तुकड्यांतून मिळून प्रत्येक जोडावर पाव इंच जातो. एका ओळीत आठ जोड असतात, म्हणजे ओळ 2 इंचांनी आखूड होते. शेजारची ओळ बरोबर शिवलेली असेल तर दोन्ही जुळणार नाहीत आणि मग ओढून-ताणून शिवलेली गोधडी कायम वाकडी राहते.

पुढे तीन थर : खाली अस्तर, मध्ये मऊ सुती कापड, वर जोडलेला भाग. मधल्या थराला जुनी धुतलेली सुती साडी उत्तम. पण जुने कापड वापरले असेल तर गिऱ्हाइकाला तसे स्पष्ट सांगावे. तिन्ही थर मोठ्या कच्च्या टाक्यांनी एकत्र बांधून मग धावदोरा घालावा. कडेला अडीच इंच रुंदीची पट्टी लावावी. 44 इंच पन्ह्याच्या कापडाच्या चार पट्ट्या पुरतात.

बाळाच्या वस्तूवर टिकल्या, आरसे, बटणे लावू नयेत. सुया मोजून घ्याव्यात आणि काम संपल्यावर पुन्हा मोजाव्यात. एखादी तुटली तर तिचे दोन्ही तुकडे सापडेपर्यंत माल बाहेर देऊ नये. वर्षाच्या आतील बाळ झोपलेले असताना अंगावर सैल पांघरूण नसावे असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. तेव्हा ही गोधडी जागेपणी खाली अंथरायला आहे असे विकतानाच सांगावे.

वेड्यावाकड्या तुकड्यांचे काय?

प्रत्येक पोत्यात साडेचार इंचांचे चौकोन निघतीलच असे नाही. अरुंद आणि तिरप्या तुकड्यांसाठी आपल्या शेजारच्या कर्नाटकातील सिद्दी स्त्रियांकडून शिकण्यासारखे आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांत आफ्रिकी वंशाचे सिद्दी राहतात. त्यांच्यात मुस्लिम, ख्रिस्ती आणि हिंदू असे तिन्ही आहेत. त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. खाली साडीचे अस्तर पसरायचे, एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची, तुकड्याची कड आत दुमडून तो अस्तरावर ठेवायचा आणि धावदोरा घालत कडेकडेने फिरत मध्यभागी पोहोचायचे. तुकडे जोडणे आणि थर शिवणे ही दोन कामे एकाच वेळी उरकतात. कोपऱ्यांवर घड्या घातलेले छोटे त्रिकोणी तुकडे लावतात, त्यांना फुले म्हणतात. फुलांवाचून कवंदी त्यांना पुरी वाटत नाही. 2004 साली तेथील स्त्रियांची सहकारी संस्था उभी राहिली आणि 2011 साली या गोधड्यांचे प्रदर्शन न्यूयॉर्कमध्ये भरले. घरातल्या पांघरुणाला कलेचा मान मिळाला, तोही जुन्या कपड्यांच्या तुकड्यांतून.

आता हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. व्यापारी बंधू म्हणतात, कातरण फुकट किंवा किलोवर स्वस्तात मिळते, मग गोधडीला एवढा भाव कशाला? उत्तर फूटपट्टीने मिळते.

81 तुकड्यांच्या गोधडीत नुसत्या जोडणीची शिवण साधारण साडेपंधरा मीटर होते. त्याच मापाची गोधडी 6 इंचांच्या 36 चौकोनांत केली तर ती साडेनऊ मीटर होते. त्यानंतर धावदोरा. ओळी एकेक इंचावर घेतल्या तर 36 इंचांच्या 35 ओळी, म्हणजे सुमारे 32 मीटर. ओळी अर्ध्या इंचावर घेतल्या तर 71 ओळी, म्हणजे सुमारे 65 मीटर. हे सगळे हाताचे टाके.

नमुना पसंत करताना होणारा संवाद ओळखीचा आहे.

"आपा, माल छान आहे. फक्त टाके जरा जवळजवळ घ्या."

"घेते भाई. भाव तोच ना?"

"भाव तोच. कपडा काही वाढला नाही."

कपडा वाढला नाही हे खरे, पण टाक्यांचे काम दुप्पट झाले. उदाहरणादाखल समजा, कापणीला दीड तास, जोडणीला तीन तास, थर बांधायला अर्धा तास, किनारीला दोन तास लागतात. धावदोऱ्याच्या एका ओळीला 12 मिनिटे धरली तर 35 ओळींना सात तास होतात. एकूण 14 तास. टाके जवळ घेतले की 71 ओळींना 14 तास 12 मिनिटे, आणि एकूण काम 21 तासांच्या वर जाते. तासाला 50 रुपये धरले तर पहिल्या गोधडीची मजुरी 700 रुपये आणि दुसरीची 1060 रुपये. दोन्हींना एकच दर दिला तर 360 रुपये कोणाच्या खिशातून गेले? ज्या घरात ती गोधडी शिवली गेली, त्या घराच्या. हे आकडे नमुन्याचे आहेत. आपापल्या घड्याळाने आणि आपल्या गावच्या मजुरीच्या दराने प्रत्येकाने ते पुन्हा मांडावेत.

यात व्यापाऱ्याचा फायदा आहे असेही नाही. दर परवडत नाही तेव्हा कारागीर बोलत नाही, पण टाके लांब होतात, शिवण सुटते, तपासणी टळते आणि पुढची ऑर्डर परत येते.

अहमदाबादचा धडा

ही गोष्ट आजची नाही. अहमदाबादच्या कापड गिरण्यांतून निघणाऱ्या चिंध्या व्यापारी घेत आणि दरियापूर भागातील स्त्रिया घरी बसून त्या जोडत. त्यातून रजईच्या खोळी तयार होत. या कारागीर स्त्रियांत मुस्लिम भगिनी मोठ्या संख्येने होत्या. मजुरी नगावर आणि फार थोडी होती. 1972 साली इला भट्ट यांनी स्थापन केलेल्या 'सेवा' या संघटनेत त्या एकत्र आल्या आणि दर वाढवून मागितला. तेव्हा त्यांचे काम बंद करण्यात आले. त्यातून त्यांची 'सबीना' ही सहकारी संस्था निघाली. स्त्रियांनी चिंध्या स्वतः घ्यायच्या आणि खोळी स्वतः विकायच्या हा तिचा मार्ग होता. एकटीने मागितले असते तर ती घरी बसली असती. एकत्र मागितले म्हणून दुसरी वाट काढता आली.

कायद्यानेही नगावरचे काम वाऱ्यावर सोडलेले नाही. 1948 च्या किमान वेतन कायद्यात नगावरच्या कामाला किमान दर ठरविण्याची तरतूद होती, आणि 2019 च्या वेतन संहितेतही तासावरच्या व नगावरच्या अशा दोन्ही कामांचा विचार केलेला आहे.

आमची सूचना

कारागीर भगिनींनी पहिल्या तीन गोधड्या घड्याळ लावून शिवाव्यात आणि प्रत्येक टप्प्याचा वेळ वहीत लिहावा. सुरुवातीला 12 इंचांचा रुमाल किंवा 18 इंचांचा उशीचा अभ्रा करून हात बसवावा. दर सांगताना तुकड्यांची संख्या आणि ओळींमधील अंतर यांसह सांगावा : 36 तुकड्यांचा एक दर, 81 तुकड्यांचा दुसरा, अर्ध्या इंचाच्या ओळींचा तिसरा. गल्लीतील पाच-सहा जणींनी मिळून एकच दरपत्रक ठेवावे, म्हणजे एकीला दुसरीविरुद्ध उभे करता येणार नाही. दोरा, इस्त्रीची वीज आणि मशीनची दुरुस्ती हाही खर्चच आहे, तो वेगळा लिहावा.

व्यापारी बंधूंना विनंती एवढीच की नमुन्यात बदल सुचविताना त्याचा दरही त्याच वेळी ठरवावा आणि चिठ्ठीवर लिहून द्यावा. माल घेतला त्याच दिवशी मजुरी चुकती करावी. ज्यांना भाव वाढविणे जमत नाही त्यांनी 81 ऐवजी 36 तुकड्यांची गोधडी घ्यावी. तीही सुंदर होते, गिऱ्हाइकाला परवडते आणि शिवणारीलाही परवडते.

पोत्यातल्या चिंधीची किंमत बाजार ठरवील. तिच्यावर घातलेल्या 32 मीटर धावदोऱ्याची किंमत मात्र आपणच ठरवायची आहे. ती वहीत लिहिलेली नसेल तर मागताही येत नाही आणि देताही येत नाही.