खुर्चीतली पावली

शनिवार, सकाळचे अकरा. कोथरूडमधल्या या सभागृहात एरवी बारशी होतात, डोहाळजेवणं होतात, सोसायट्यांच्या सभा रंगतात. आज प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोलात मांडल्या आहेत आणि फरशीवर एकेका पावलाच्या अंतराने पिवळ्या चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारल्या आहेत. कोपऱ्यात कॉलेजातला एक मुलगा मांडीवर ढोलकी घेऊन ती सुरात लावतो आहे. अकराची वेळ विचार करून ठरवलेली आहे. इथे येणाऱ्या काहींना पार्किन्सन्स आहे. सकाळची गोळी घेतली की अंमल चढायला वेळ लागतो, आणि साधारण या सुमाराला त्यांचं शरीर त्यांचं ऐकू लागतं.

पण हा नाचाचा वर्ग फक्त रुग्णांचा नाही. बँकेतून निवृत्त झालेले काका काठी टेकत येतात, सोबत काकू. डाउन सिंड्रोम असलेली विशीतली एक मुलगी आईच्या पुढे पळत येऊन आपली ठरलेली खुर्ची पकडते. कथ्थकच्या विशारदपर्यंतच्या परीक्षा दिलेल्या आणि संसारात घुंगरू ठेवून दिलेल्या एक बाई आहेत. आयटीतला एक तरुण आहे; गणपतीची मिरवणूक सोडली तर तो कधी कुठे नाचलेला नाही. चाकाच्या खुर्चीवर एक आजी आहेत. त्यांना सांभाळणाऱ्या मावशी मात्र दाराबाहेर, चपलांपाशी बसल्या आहेत.

"मावशी, बाहेर काय बसलात? आत या," वर्ग घेणाऱ्या ताई हाक मारतात.

"मी कशाला? मी आजींना घेऊन आलेय."

"म्हणजे आजी नाचणार आणि तुम्ही बघणार? इथे बघणारं कोणी नसतं. या."

मावशी पदर खोचून आत येतात. ही अट मलाही लागू आहे. मी वही पिशवीत टाकते आणि गोलात बसते.

सुरुवात बसूनच होते. प्रत्येकाने आपलं नाव सांगायचं आणि त्याला एक हालचाल जोडायची. ती हालचाल मग सगळ्यांनी करायची. काका नाव सांगतात आणि उजवा हात पुढे करतात. त्यांचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत राहतात, गोळी वळावी तशी. ती थरथर थांबवायचा ते प्रयत्न करत नाहीत. हात डोक्याच्या वर नेतात आणि बोटं उघडतात. आम्ही सगळे तसंच करतो. खांदे, मनगटं, कमरेतून डावीकडे वळणं, उजवीकडे वळणं. "हवेत रांगोळीचे ठिपके द्या," ताई म्हणतात, "जितका हात पोचेल तितक्या लांब." आजींचे ठिपके मांडीच्या आसपास पडतात, त्या मुलीचे थेट छताकडे. ताई कोणाला 'छान' म्हणत नाहीत, कोणाचा हात धरून वर नेत नाहीत. त्या स्वतः दोन्ही तऱ्हेचे ठिपके देऊन दाखवतात, आधी आजींचे, मग मुलीचे. कोणते सोपे आणि कोणते खरे, असा प्रश्नच उरत नाही.

मग उठायचं. काका उठतात, काठी खुर्चीला टेकवून ठेवतात, पहिल्या पिवळ्या रेघेपाशी जातात आणि तिथेच अडकतात. पाय चिकटले. वरचं अंग पुढे झुकतंय, टाचा उचलल्या गेल्यात, तळवे मात्र जागचे हलत नाहीत. मला त्यांचा हात धरावासा वाटतो. काकू हात मागे बांधून उभ्या राहतात. ओढलं की तोल जातो, हे त्यांना ठाऊक आहे. ताई ढोलकीकडे बघतात. केरवा सुरू होतो, संथ.

"काका, पुढे जायचं नाहीये. नुसतं डावीकडे वजन, उजवीकडे वजन. समेला रेघ ओलांडायची."

काका डोलतात. डावीकडे, उजवीकडे. आठ मात्रा जातात, आणखी आठ जातात. मग समेवर उजवा पाय गुडघ्यातून चांगला वर येतो, रेघेपलीकडे पडतो. लगेच डावा. तिसरी रेघ, चौथी रेघ. थोड्या वेळापूर्वी दारातून पाय घासत आलेला माणूस तालात चालतो आहे.

हा चमत्कार नव्हे. मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या पेशी झिजत गेल्या की आपण विचार न करता करतो त्या हालचाली आधी बिघडतात: चालणं, वळणं, खुर्चीतून उठणं. पण ठेका किंवा जमिनीवरची रेघ बाहेरून खूण देते, आणि शरीराला वेगळ्या वाटेने पाऊल सापडतं. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरांनी 1817 साली या आजारावर पुस्तिका लिहिली, तेव्हा सहा माणसांचं वर्णन केलं. त्यांतली काही त्यांनी रस्त्यावरच पाहिली होती. आजार नुसत्या चालीतही दिसतो तो असा. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने 2001 साली पार्किन्सन्स असलेल्यांसाठी वर्ग सुरू केला. त्यांनी त्याला उपचार म्हटलं नाही. येणारा प्रत्येक जण नर्तक, असं धरून शिकवलं. ती पद्धत आज वीसहून अधिक देशांत पोचली आहे. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी असे वर्ग घेतले, आणि शहरातल्या पुष्कळ कुटुंबांना नाच हा शब्द आजारपणाच्या घरात पहिल्यांदा ऐकू आला.

खरं तर तो ऐकू यायला इतका उशीर आपल्याकडे व्हायला नको होता. भोंडल्यात, फुगडीत, दिंडीतल्या पावलीत कोण कधी परीक्षा देऊन उतरलं? नाच मंचावर गेला, तिकिटाचा झाला, सात वर्षांच्या मुलींच्या क्लासचा झाला, आणि बाकीच्यांनी खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवायच्या हे आपण मान्य करून टाकलं. मला ते मुळीच मान्य नाही, आणि या सभागृहात बसल्यावर तर त्याचा रागच येतो.

आता दोन रांगा समोरासमोर. पावली घ्यायची: दोन पावलं पुढे, दोन मागे, टाळ धरल्यासारखे हात. आयटीतल्या तरुणाचा दर वेळी चुकीचा पाय पुढे येतो. त्याच्या शेजारी ती मुलगी आहे. तिला सगळा क्रम पाठ आहे. ती थांबते, त्याच्या गुडघ्यावर टिचकी मारते. "हा नाही. हा." तो पाय बदलतो. विशारद बाईंचं पाऊल नेटकं पडतं, पण पावलीतला झोल त्यांना सापडत नाही. कथ्थकमध्ये ताठ ठेवलेली कंबर सैल व्हायला तयार नाही. त्या मावशींकडे बघून शिकू लागतात, कारण मावशी दर आषाढीला चार दिवस तरी दिंडीत चालतात. "दुसऱ्या पावलाला गुडघ्यात थोडं बसायचं, ताई," मावशी सांगतात. वर्ग घेणाऱ्या ताईही तसं करून बघतात.

आजींच्या खुर्चीची मूठ धरायला मावशी वळतात, तर आजी मान हलवतात. त्या स्वतः चाकं धरतात. पुढे ढकलतात, पुढे ढकलतात, मागे, मागे. दुसऱ्या मात्रेला धड किंचित खाली. हीच पावली, जराही कमी नाही. रांग आजींच्या चाकांच्या वेगाशी जुळवून घेते, ढोलकीवाला लय थोडी उतरवतो.

बाराला दहा कमी असताना सगळे पुन्हा खुर्च्यांवर येतात. घाम पुसणं, पाण्याच्या बाटल्या, कोणाची कंबर कशी आहे याची चौकशी. मावशी विशारद बाईंना वारीतला एक मुक्काम समजावून सांगताहेत.

"पुढच्या शनिवारी खरे टाळ आणतो," काका म्हणतात. "घरात दोन जोड पडून आहेत."

"आणा की. पण दोन्ही हातांत टाळ असताना येता-जाता काठी?"

"काठी माझ्याकडे," काकू म्हणतात. "आणि दुसरा जोडही माझ्याकडे. तो मी कोणाला देणार नाही."