अकरा सायकली आणि दोन खाड्या

सायकल हे एकट्याचे वाहन होय, असा सर्वसाधारण समज आहे; आणि गावातल्या गावात मंडईपर्यंत जाऊन यावयाचे असेल तर तो खोटाही नाही. परंतु दहा-बारा जणांनी मिळून दिवसेंदिवस दूरचा पल्ला गाठावयाचा म्हटले म्हणजे या वाहनाचा स्वभाव पालटतो. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे सत्तर हजार किलोमीटर तुडवून १९२८ साली परत आले. आमची मजल त्यापुढे अगदीच किरकोळ. तथापि गेल्या मार्गशीर्षात कोकणकिनाऱ्याने केलेल्या प्रवासातील एक दिवस वाचकांपुढे ठेवावा असे वाटते.

दापोलीहून पहाटे साडेपाचास अकरा सायकली निघाल्या. आमच्यातील सर्वांत धाकटी एकोणीस वर्षांची, अभियांत्रिकीची विद्यार्थिनी. सर्वांत वडील सदुसष्ट वर्षांचे सेवानिवृत्त शिक्षक, ज्यांना आम्ही सर्वजण काका म्हणतो. सोबत मोटार नव्हती. ज्याचे ओझे त्याच्याच सायकलीवर. मुक्काम मालगुंडास, म्हणजे वाटेत वाशिष्ठी आणि शास्त्री या दोन नद्यांची मुखे ओलांडावयाची.

सपाटीवर रांगेने चालण्यात मोठी सोय असते. वेग वाढला की सायकलस्वाराची बहुतेक शक्ती वारा कापण्यात खर्च होते. आणि पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतरावर राहिले तर मागच्याचे श्रम पाव हिश्शाने, कधी त्याहूनही अधिक, हलके होतात. म्हणून दर दहा मिनिटांनी पुढच्याने बाजूस होऊन रांगेच्या शेपटास यावयाचे व दुसऱ्याने वारा अंगावर घ्यावयाचा. दणकट गड्याने जरा अधिक वेळ पुढे राहावे, थकलेल्याने आपली पाळी सोडावी; याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांस हे निराळे शिकवावे लागत नाही.

दाभोळच्या धक्क्यावर पोहोचलो तेव्हा ऊन कोवळे होते. येथून धोपाव्यास सायकली, मोटारी व माणसे एकदम पलीकडे नेणारी फेरीबोट २००३ पासून चालू आहे. त्यापूर्वी गाडीवाल्यास चिपळुणास वळसा घालून यावे लागे. बोटीतून खाडीच्या दक्षिण तीरावर वीजप्रकल्पाच्या चिमण्या दिसतात. प्रकल्प अंजनवेलच्या बाजूस, परंतु जगभर गाजले ते नाव मात्र दाभोळचे!

गुहागरास व्याडेश्वराचे दर्शन घेतले. आमच्यातील चौघांचे ते कुलदैवत. जेवणास बसलो तेव्हा काकांच्या पुढे पान नव्हते. त्या दिवशी संकष्टी चतुर्थी होती, आणि काका पाण्यावाचून काही घेत नव्हते. त्यांचा हा नेम चाळीस वर्षांचा आहे, असे ते म्हणाले. आम्ही आग्रह केला नाही. दुसऱ्याच्या नेमात हात घालू नये, हेही घरोघर शिकवलेलेच असते.

पालशेत, वेळणेश्वर, हेदवी अशी वाट पुढे जाते. नकाशावर ती समुद्राच्या काठाने जाते. पायांना मात्र ती सतत चढ-उताराची लागते. प्रत्येक ओढ्यापाशी समुद्रसपाटीस उतरावयाचे आणि लगेच जांभ्या दगडाच्या सड्यावर चढावयाचे. आणि चढावर रांगेचा उपयोग नाही. वेग इतका मंद होतो की वाराच उरत नाही. ज्याचे वजन त्यानेच वर न्यावे.

हेदवीच्या पुढील चढावर काका उतरले. अंगाला गार घाम, पाय लटपटत, बोलणे तुटक. शरीर स्नायूंत व यकृतात साखरेचा जो साठा ठेवते तो चार-पाचशे ग्रॅमांच्या आसपास असतो. घरी बसून उपास केला तर तो पुरतो. चढावर काही तासांत संपतो, आणि नुसत्या पाण्याने भरत नाही. साडेतीन वाजले होते. सहाच्या सुमारास सूर्यास्त, आणि वद्य चतुर्थी म्हणजे त्यानंतर बराच वेळ चंद्रही नाही. दोघे-तिघे म्हणाले, पुढे जाऊन मुक्कामाची व्यवस्था पाहावी. एक रिकामा टेम्पो आला, चालकाने आपण होऊन विचारले. काकांनी मान हलवली.

तेव्हा ती धाकटी त्यांच्यापाशी जाऊन बसली. “काका, गूळ आणि केळे उपासाला चालतात ना? कडक उपास घरी करा, मी अडवणार नाही. आत्ता मात्र तुम्ही गूळ खा, नाहीतर टेम्पोत बसा. तुम्हाला इथे सोडून आम्ही कोणी जाणार नाही, एवढे धरून चाला.”

काका बराच वेळ बोलले नाहीत. चाळीस वर्षांचा नेम गुळाच्या खड्यापुढे ठेवणे किती कठीण, हे आम्हांस त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. अखेर त्यांनी हात पुढे केला. गूळ, मागाहून दोन केळी, चिमूटभर मीठ घातलेले पाणी. तासभर एका आंब्याखाली सगळेच बसून राहिलो. काकांच्या सायकलीवरील दोन्ही पिशव्या आमच्यात वाटून घेतल्या. चढावर वारा वाटून घेता येत नाही, पण ओझे येते. आणि वेळही येतो.

तवसाळच्या धक्क्यावर दिवेलागण झाली. शास्त्रीच्या मुखावरून बोटीने जयगडास उतरलो ते पुरत्या काळोखात. पुढे व मागे एकेक प्रखर दिवा, मध्ये काका, आणि सर्वांचा वेग काकांच्या पायांचा. जे दोघे-तिघे दुपारी पुढे जाण्यास उतावीळ होते, त्यांपैकीच एक शेवटपर्यंत मागचा दिवा सांभाळीत होता.

मालगुंड हे १८६६ साली जन्मलेल्या कवी केशवसुतांचे गाव. तेथील स्मारक पाहावयाचे बेत होते, ते दुसऱ्या दिवसावर गेले. चंद्र उगवला तेव्हा आम्ही हातपाय धुऊन ओटीवर बसलो होतो. यजमानीणबाईंनी पाने मांडली. काकांनी चंद्रास अर्घ्य दिले, आत आले, आणि त्या धाकटीस म्हणाले, “बस माझ्या शेजारी. वरणावर तूप जरा जास्त घे. उद्या चढ आहेत.”