भार कॅमेऱ्याचा, काळजी मानेची



दिवाळी झाली की आपल्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, रात्री नाटक रंगते. मागोमाग लग्नसराई, महाशिवरात्रीला मार्कंड्याची यात्रा, चैत्रात चंद्रपूरला महाकालीची यात्रा. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाट मोकळी केल्यापासून शंकरपटही पुन्हा भरू लागले आहेत. अशा ठिकाणी गळ्यात कॅमेरा अडकवून धावणारा तरुण तुम्ही पाहिला असेल. कदाचित तो तुमच्याच घरचा असेल. धानाची शेती सांभाळून चार पैसे मिळवून देणारा हा चांगला जोडधंदा आहे. पण कॅमेऱ्याला जिवापाड जपणारा हा मुलगा स्वतःच्या मानेला जपतो का?

मला हे शहाणपण उशिरा आले. पीक प्रात्यक्षिकांचे फोटो काढता काढता या कामाची गोडी लागली. एका महाशिवरात्रीला मार्कंड्याला वैनगंगेच्या काठी दिवसभर फिरलो. बारीक पट्ट्याचा कॅमेरा गळ्यात, जड पिशवी उजव्या खांद्यावर. संध्याकाळी मान अखडली, ती तीन दिवस वळेना. बैल जुंपत असलेले एक म्हातारे शेतकरी हसून म्हणाले, "साहेब, बंडी एका अंगाला भरली तं बैलाची मान जाते. तुमचं तसंच झालं."

त्यांचे म्हणणे खरे होते. मोठी लेन्स लावलेला कॅमेरा दीड-दोन किलोचा सहज होतो. घटकाभर काही वाटत नाही. पण दिवसभर पुढे लोंबणारे वजन मान खाली ओढत राहते आणि बारीक पट्टा रुततो. आता आपला फवारणी पंप पाहा. 16 लिटरच्या पंपात नुसते पाणीच 16 किलो. तरी तो पाठीवर पेलतो, कारण पट्टे दोन असतात आणि भार अंगाला चिकटून असतो. कॅमेऱ्यालाही हाच नियम लावा.

एवढे करा

1. पट्टा गळ्यात न घालता एका खांद्यावरून तिरपा घ्या. कॅमेरा कमरेजवळ राहू द्या. तासाभराने खांदा बदला.

2. पट्टा तीन बोटे तरी रुंद हवा. नसेल तर जुन्या सुती कापडाची घडी घालून शिवून घ्या. डोक्यावर ओझे घेताना बायाबापड्या चुंबळ ठेवतात, तसेच हे. मात्र फवारणी पंपाचे जुने पट्टे वापरू नका. त्यात मुरलेले औषध घामाबरोबर अंगाला लागते.

3. एका खांद्याची पिशवी सोडून दोन पट्ट्यांची पाठपिशवी घ्या. जड वस्तू पाठीलगत ठेवा. बॅटरी, कार्ड अशा लहान वस्तू कमरेच्या पिशवीत बऱ्या.

4. निघण्यापूर्वी सामान बाहेर मांडा. मागच्या दोन कार्यक्रमांत जे वापरले नाही, ते घरी ठेवा.

5. नाटकासारखे एका जागी चालणारे काम असेल, तर छातीएवढ्या उंचीची बांबूची सरळ काठी जवळ ठेवा. काठीच्या टोकावर हात टेकवून कॅमेरा धरला, की हात कमी थरथरतो आणि खांद्यालाही विसावा मिळतो. बांबूला आपल्याकडे काय तोटा?

6. पटाच्या धुळीत लेन्स बदलू नका. कॅमेरा भिजला तर बॅटरी काढून कोरड्या फडक्याने पुसा. तांदळाच्या डब्यात पुरू नका, तांदळाची भुकटी आत शिरते.

बोटांना मुंग्या येत असतील, हातातली वस्तू निसटत असेल, तर मालिश करत बसू नका. आरोग्य केंद्रात दाखवा. आणि नाटक संपल्यावर जंगलाच्या रस्त्याने एकट्याने निघू नका. आपल्याकडे वाघ आहे, हे विसरून चालत नाही. उजाडेपर्यंत गावातच थांबा.

आयाबहिणींनो, मुलगा कार्यक्रमाला निघाला की त्याची पिशवी एकदा हातात उचलून पाहा. तुम्हाला जड वाटली, तर त्याच्या खांद्यालाही ती जडच आहे. कॅमेरा बिघडला तर दुरुस्त करता येतो, प्रसंगी दुसरा घेता येतो. मान मात्र जन्मभर एकच पुरवायची असते.