विजयदुर्गची पाण्याखालची भिंत

तैवानपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, जपानच्या पार पश्चिम टोकाला योनागुनी बेट आहे. १९८६ साली किहाचिरो आराताके हा पाणबुड्या तिथे हॅमरहेड शार्क बघायला चांगली जागा शोधत होता. त्याला सापडले पाण्याखालचे दगडी चौथरे, पायऱ्या आणि काटकोनी कडा! र्‍यूक्यू विद्यापीठाचे मासाआकी किमुरा हे माणसाचंच काम मानत आले. बॉस्टन विद्यापीठाचे रॉबर्ट शॉक स्वतः बुड्या मारून आले आणि म्हणाले, वालुकाश्म थरांवर आणि भेगांवर असाच सरळ तुटतो. मला शॉक यांचं पटतं.

पण मानपाड्यात राहणाऱ्याने, ज्याचं निम्मं आयुष्य घोडबंदर रोडच्या कोंडीत जातं, जपान कशाला गाठायचं? पाण्याखालचं असंच एक कोडं कोकणातही आहे: रात्री निघालं की सकाळी विजयदुर्ग.

किल्ल्याचा इतिहास सर्वांना पाठ आहे: शिलाहार भोज राजा, १६५३ मध्ये शिवराय, मग आंग्रे, १७५६ ला पाडाव. लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने सूर्यग्रहण बघताना हेलियमचा शोध इथल्या 'साहेबाच्या कट्ट्यां'वरून लावला असंही गावात सांगतात. १८६८ च्या त्या ग्रहणावेळी लॉकियरसाहेब मात्र इंग्लंडात होते. असो.

मला ओढ भिंतीची. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी इथे पाण्याखाली शोध घेतला. आठ ते दहा मीटर खोलीवर जांभ्या दगडाची भिंत, अंदाजे १२२ मीटर लांब, ३ मीटर उंच, ७ मीटर रुंद. शत्रूची जहाजं तिच्यावर आपटून फुटायची, अशी आख्यायिका आहे.

आता गणित मांडू. आठ मीटरमधून तीन गेले, उरलं पाच मीटर पाणी. दहातून गेले तर सात. सत्तर तोफांच्या युरोपीय जहाजाला पाच-सहा मीटर पाणी लागायचं, आपल्या गुराबा-गलबतांना त्याहून पुष्कळ कमी. उधाणाच्या दिवसांत इथे भरती-ओहोटीत दोन-अडीच मीटरचा फरक पडतो. म्हणजे तीच भिंत भरतीला निरुपद्रवी आणि ओहोटीला घातकी! वेळ कोणती, हे घरच्यालाच ठाऊक. जेटीवरच्या एका मच्छीमार काकांना हे ऐकवलं, तर ते हसून म्हणाले, "सुकतीक खडपाच्या वाटेक कोण जाता?"

मग १७५६ चं काय? फेब्रुवारीत इंग्रज अॅडमिरल वॉटसनचा ताफा, सत्तर तोफांच्या 'केंट'सकट, सरळ वाघोटनच्या खाडीत शिरला आणि तुळाजी आंग्र्यांचं आरमार आगीत जळालं. भिंतीने काही अडवलं नाही. म्हणून आख्यायिका अर्धीच घ्यावी: फार तर समुद्राकडची एखादी वाट तिने अरुंद केली असेल, खाडीचं तोंड नाही.

माणसाने बांधली, की नुसताच खडक? इथे मी किमुरांच्या बाजूला सरकतो, आणि कारण भिंतीत नाही, गिर्येजवळच्या आंग्र्यांच्या गोदीत आहे. खाडीकाठी कातळ खोदून केलेली ही गोदी शंभर मीटरहून लांब आहे. भरतीच्या पाण्यावर जहाज आत घ्यायचं, ओहोटीला ते कोरडं पडलं की तळ तासायचा, डागडुजी करायची. पाण्याची वेळ हेच ज्यांचं हत्यार, त्यांना समुद्रात दगड रचायची कल्पना सुचणारच.

बुडी मारायचा मोह झाला तर मालवण किंवा तारकर्ली गाठा. खाडीच्या गाळामुळे विजयदुर्गचं पाणी गढूळ असतं. गोदी मात्र चुकवू नका. पर्यटकांच्या गाड्या किल्ल्याच्या दारातूनच माघारी वळतात, ती गर्दी तिथे नसते.