डागाळलेले नाणे आणि चुकलेले नाणे

व्यापाऱ्यास नाण्याची पारख शिकवावी लागत नाही, असा आपल्यात एक जुना समज आहे. राणीछाप रुपया फरशीवर वाजवून खरा-खोटा सांगणारी वडीलधारी मंडळी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. परंतु ती पारख त्यांच्याबरोबरच गेली की काय, अशी शंका यावी असा एक प्रसंग अलीकडे घडला, म्हणून हा लेखप्रपंच.

एके सायंकाळी आमचे दिवाणजी कॅम्पातील आमच्या घरी आले. मनुष्य सचोटीचा, पेढीवर तीस वर्षे काढलेला. रुमालाच्या गाठीतून त्यांनी १९९९ सालचे ५ रुपयांचे एक काळेकुट्ट नाणे काढून माझ्या हाती ठेविले. म्हणाले, "अण्णा, टांकसाळीची चूक आहे. याचे ४ लाख येतात म्हणे." घरात मुलीचे लग्न निघालेले. फोनवर भेटलेल्या कोणा खरेदीदारास नोंदणीचे ६५० रुपये त्यांनी पाठविलेही होते. आता तो कराच्या नावाखाली ४,००० मागत होता.

नाणे मी तत्काळ ओळखले, कारण ते आमच्याच गल्ल्यातले होते. धान्याचे गोदाम बंद करून किडीसाठी गोळ्या ठेविल्या की त्यांतून फॉस्फीन वायू निघतो. तो तांब्याचा वैरी. गोदामातील पितळी कुलपे आणि विजेच्या तारांची टोके त्याने काळी पडतात, हे धान्याच्या व्यापाऱ्यास सांगणे नको. त्या सालातील ५ रुपयांच्या नाण्यात तीन भाग तांबे व एक भाग निकेल असते. त्या वेळी सुट्ट्या पैशांचा खण चुकून आत राहिला होता. दुसऱ्या दिवशी दिवाणजींस मी तो उघडून दाखविला. त्याच जातीची आणखी सात नाणी तशीच काळी, आणि पोलादाचे रुपये मात्र लख्ख पांढरे! टांकसाळ आपल्या एकाच खणासाठी आठ चुका कशी करील?

टांकसाळीत कोरी चकती दोन ठशांमध्ये दाबली जाते व त्याच वेळी भोवतीचे कडे तिचा काठ घडविते. चूक होते ती चकतीत, ठशात किंवा चकती बसविण्यात. म्हणजे तिची निशाणी घडणीत उमटते. हवा, घाम, तेल, कुंकू, धुरी यांचा परिणाम मात्र बहुधा पृष्ठभागाच्या रंगावरच राहतो. चकती सरकली तर छाप एका अंगास जाऊन दुसरीकडे कोरी कोर उरते. आधीचे नाणे ठशास चिकटून राहिले तर पुढच्यावर एकच चित्र दोन्हीकडे उमटते, एका बाजूस उठावाचे व दुसऱ्या बाजूस खोलगट आणि उलटे. पत्र्यातून चकती कापताना कातर आधीच्या भोकावर पडली तर काठाचा घास गेलेला दिसतो, आणि त्याच्या बरोबर समोरचा काठही बहुधा बोथट असतो. कानस लावून केलेल्या लबाडीत समोरचा काठ शाबूत राहतो. भोकाचा पैसा आठवतो ना, १९४३ ते १९४७ चा? त्याचे भोक मध्यावर नसेल तर ती खरी चूक.

सर्वांत उपयोगी परीक्षा नखाची आहे. ठसा तडकला की त्या फटीत धातू शिरतो व नाण्यावर उंच रेघ येते. ओरखडा मात्र खोल असतो. आपले नाणे वर-खाली चिमटीत धरून फिरविल्यास मागची बाजूही सरळ दिसावी. ती तिरपी किंवा उलटी दिसली तर ठसाच फिरलेला होता. मग तराजू. १९९९ चे ५ रुपये ९ ग्रॅम भरतात, घासलेले असल्यास किंचित कमी. तुलना मात्र त्याच घडणीच्या नाण्याशी करावी, कारण २००७ चे पोलादी ५ रुपये ६ ग्रॅमचेच आहेत व लोहचुंबकास चिकटतात. सालाखाली हैदराबादची चांदणी, मुंबईचा चौकट, नोएडाचा ठिपका असतो. कोलकात्याची खूणच नसते. ती नाही म्हणून पुष्कळांना घबाड सापडल्यासारखे वाटते!

१९११ च्या 'डुक्कर रुपया'ची गोष्ट याहून निराळी. पंचम जॉर्ज बादशहाच्या वस्त्रावरील हत्ती डुकरासारखा दिसे. लोकांची ओरड झाली, बहुतेक नाणी सरकारने परत घेतली आणि १९१२ पासून हत्ती सुधारून कोरला. ती उणीव कोरणाऱ्याची. टांकसाळीने प्रत्येक नाणे ठशाबरहुकूमच पाडले होते.

उलट दिशेची चूक आपण व्यापारीच करितो. १० रुपयांच्या नाण्याचे पिवळे कडे तांबूस पडले, किंवा चित्र निराळे दिसले, की गिऱ्हाइकास ते परत देतो. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये तोवर निघालेली चौदाही चित्रांची १० रुपयांची नाणी चालतात असे जाहीर केले आहे. हमालाच्या हातचे नाणे नाकारणे मला तरी शोभत नाही.

जुन्या नाण्यांच्या व्यवहारासाठी आपल्या नावाने शुल्क वा कर मागणाऱ्यांपासून सावध राहावे, असे याच बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये बजाविले आहे. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर त्वरित कळवावे. आणि खरोखर चुकलेले नाणे हाती आलेच तर ते चिंचेने घासू नये. घासलेल्याची किंमत संग्राहकांत उतरते.

दिवाणजींचे ६५० रुपये काही परत आले नाहीत, ४,००० वाचले. गोदामात गोळ्या ठेवण्याच्या आदल्या दिवशी सुट्ट्यांचा खण घरी आणण्याचे काम आता त्यांनी आपण होऊन स्वतःकडे घेतले आहे.