नगरला कामाला गेल्यावर कॅफेत बसायचं का? काय मागवायचं, बिल कसं वाचायचं, समजून घ्या

नेवासा (प्रतिनिधी) : आपल्या तालुक्यातून नगरला जाणाऱ्या माणसाचा दिवस ठरलेला असतो. सकाळची एसटी पकडायची, नाहीतर कुणाच्या गाडीत जागा बघायची. घोडेगाव, पांढरी पूल, इमामपूरचा घाट, जेऊर करत आठ-साडेआठला नगर. मग दवाखाना, कोर्ट, नाहीतर जिल्हाधिकारी कार्यालय. नंबर लागेपर्यंत उभं राहायचं. चहा टपरीवर, वडापाव गाड्यावर, आणि दुपारी खानावळ सापडली तर जेवण, नाहीतर केळी घेऊन भागवायचं.

आता सावेडीत, प्रोफेसर कॉलनीच्या बाजूला, अगदी आपल्या हायवेवरसुद्धा कॅफे झालेत. काचेचं दार, आत गारवा, भिंतीवर रंगीत लाईट. आपली माणसं बाहेरून बघतात आन् पुढं निघून जातात. "आपलं तिथं काय काम" हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल. म्हणून गेल्या दोन-तीन महिन्यांत कामासाठी नगरला जेव्हा जेव्हा जाणं झालं, तेव्हा मुद्दाम कधी नाष्ट्याला, कधी दुपारी कॅफेत बसून पाहिलं. काही वेळा घरचे सोबत होते. ठिकाणांची नावं देत नाही, कारण ही कुणाची जाहिरात नाही. जे समजलं ते सांगतो.

आधी एक गोष्ट मोकळी करून टाकू. गावात "कॅफे" म्हटलं की लोक वेगळंच हसतात. त्याला कारण आहे. पडदे लावून, छोटे छोटे कप्पे करून चालवलेल्या "कॅफें"वर राज्यात बऱ्याच शहरांत पोलिसांनी कारवाया केल्या, त्या बातम्या आपण वाचल्यात. तो धंदा वेगळा. मी बोलतोय ते उघड्या हॉलचे, चार टेबलं एकमेकांना दिसतात असे, जिथं कॉलेजची पोरं, बँकेतली माणसं आन् घरची मंडळी बसतात, त्या कॅफेंबद्दल. आणि हा प्रकार काही आजकालचा नाही. मुंबईत धोबीतलावचं इराण्याचं कयानी १९०४ पासून चालू आहे, पुण्याचं गुडलक १९३५ पासून. बन मस्का आन् चहा घेऊन गरीब-श्रीमंत एकाच टेबलावर बसायचे. नगरला आता जे आलंय त्यात फक्त कॉफीची नावं वाढलीत.

सकाळी आठला कॅफे बंद असतो

हे पहिलं ध्यानात ठेवा. मी पाहिलेल्यांपैकी बहुतेक कॅफे नऊ-साडेनऊच्या आधी उघडत नाहीत, काही तर अकराला. आपण आठला पोटात काही नसताना उतरतो. त्यामुळं पहिला नाष्टा पोहे, उपीट, मिसळ नाहीतर उडप्याकडची इडली हाच. तो स्वस्तही पडतो आन् गरम असतो. शुगरची गोळी घेणाऱ्यानं तर कॅफे उघडायची वाट बघूच नये.

कॅफेचा खरा उपयोग दहा ते बारा आणि दुपारी दोन ते चार. म्हणजे नंबर लावून झालाय, डॉक्टर यायचेत. रिपोर्ट चार वाजता मिळणार आहे. वकील म्हणालेत जेवणाच्या सुट्टीनंतर या. हा मधला वेळ कुठं काढायचा? दवाखान्याच्या पायरीवर, नाहीतर माळीवाडा स्टँडवर.

आणि इथं सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा येतो, जो आपण गडी माणसं बोलत नाही. आपल्या घरच्या बाया नगरला जायच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाहीत. मुद्दाम पीत नाहीत. कारण दिवसभर बाथरूमला जायचं कुठं? स्टँडवरच्या संडासची अवस्था सगळ्यांना माहिती आहे. उन्हाळ्यात म्हातारी माणसं चक्कर येऊन बसतात, पोरींना लघवीची जळजळ सुरू होते आन् मग त्यासाठी वेगळा दवाखाना. कॅफेत स्वच्छ बाथरूम असतं, आतून कडी लागते, हात धुवायला पाणी-साबण असतो. माझ्या घरच्यांनी पहिल्यांदा तिथं बसून दोन ग्लास पाणी प्यायलं, तेव्हा मला त्या कॉफीच्या किमतीचा हिशोब वेगळा लागला.

नाहीतर तो हिशोब शेतकऱ्याला झोंबणाराच आहे. एका कॅपुचिनोत साधारण दीडशे मिली दूध जातं. डेअरीत गाईच्या दुधाला लिटरला ३५ रुपये धरले तर ते दूध झालं सव्वापाच रुपयांचं. कप १२० ला. कॉफी, गॅस, पगार, भाडं सगळं धरलं तरी उरतं ते तुम्ही बसलेल्या खुर्चीचं, पंख्याचं, मोबाईल चार्जिंगचं आन् त्या बाथरूमचं भाडं आहे. दोन तास बसायचं असेल तर हे भाडं परवडतं. दहा मिनिटांसाठी जाऊ नका, टपरीचा चहा चांगला.

मेनू कार्डातली नावं

एस्प्रेसो म्हणजे अर्ध्या वाटीएवढीही नसलेली, बिनदुधाची, कडू जहर कॉफी. यादीत ती सगळ्यात स्वस्त दिसते म्हणून आपला माणूस नेमकी तीच सांगतो. तिच्यात गरम पाणी घातलं की अमेरिकानो, तीही बिनदुधाची. कॅपुचिनो म्हणजे तीच कॉफी, वर दूध आन् दुधाचा फेस. लाटेमध्ये दूध जास्त, फेस कमी. मोका म्हणजे चॉकलेट घातलेली. आपल्या जिभेला कॅपुचिनो नाहीतर साधी फिल्टर कॉफी जवळची. कोल्ड कॉफीत साखर भरपूर असते, वर आईस्क्रीमचा गोळा. शुगर असलेल्यांनी लांब राहा. गरम कॉफीत साखर बहुतेक ठिकाणी वेगळी पुडीत देतात, ती आपल्या हातात असते.

खायला सँडविच बरं. ग्रिल केलेलं, म्हणजे दोन्हीकडून भाजलेलं सांगा, पोट जरा भरतं. एक सँडविच दोघांत मागितलं तरी कुणी काही म्हणत नाही, "वन बाय टू" म्हणायचं, वेगळी प्लेट देतात. व्हाईट सॉसचा पास्ता म्हणजे मैदा, दूध आन् लोणी. चवीला वाईट नाही, पण तो खाऊन लगेच गाडीत बसला तर इमामपूरच्या घाटात पोटात ढवळतं.

दुपारच्या जेवणाला माझं मत स्पष्ट आहे. कॅफेत जेवू नका. बर्गर असो की राईस बाउल, दीड-दोनशे रुपये जातात आन् चार वाजता परत भूक. कष्टाच्या पोटाला ते पुरत नाही. तेवढ्याच पैशात, बऱ्याचदा कमीत, खानावळीत चपात्या, दोन भाज्या, वरण-भात मिळतो. जामखेड-कर्जत बाजूला काम असेल तर शिपी आमटी आन् भाकरी सोडून कॅफेत बसणाऱ्याला काय म्हणावं! जेवण खानावळीत करा, बसायला कॅफेत जा.

पनीर आन् चीज, इथं जरा थांबा

हा विषय खाणाऱ्याचाही आहे आन् आपल्या गोठ्याचाही. मार्च २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यातले श्रीगोंद्याचे आमदार विक्रम पाचपुते यांनी विधानसभेत बनावट पनीर नेऊन दाखवलं होतं. बाजारात "अ‍ॅनालॉग" नावाचा माल असतो. दुधाच्या फॅटऐवजी पामतेलासारखं वनस्पती तेल वापरून तो बनवतात. तो विकायला बंदी नाही. पण त्याला पनीर म्हणून विकणं नियमात बसत नाही, अ‍ॅनालॉग आहे असं सांगूनच विकावं लागतं. भानगड अशी की पाकिटावर लिहिलेलं हॉटेलवाला वाचतो, ताटातल्या तुकड्यावर काही लिहिलेलं नसतं.

साधं गणित बघा. एक किलो पनीरला गाईचं सहा-सात लिटर दूध लागतं. ३५ च्या भावानं सहा लिटरचेच २१० रुपये झाले. म्हशीचं दूध कमी लागतं, पण त्याचा भाव जास्त. मग कुणाला १८० रुपये किलोनं "पनीर" मिळत असेल तर ते दुधाचं कसं असणार? लोक आयोडीनचा थेंब टाकून बघतात. निळा-काळा रंग आला तर त्यात पिठूळ म्हणजे स्टार्च आहे, एवढंच त्यातनं कळतं. तेलाचं पनीर त्या परीक्षेत सहज पास होतं. खरं काय ते प्रयोगशाळेतच कळतं.

म्हणून काउंटरवर सरळ विचारायचं, "पनीर दुधाचं आहे का अ‍ॅनालॉग? चीज कोणत्या कंपनीचं?" मी तीन ठिकाणी विचारलं. एकानं आत जाऊन पाकीटच आणून दाखवलं. दुसऱ्यानं "साहेब, एकदम फ्रेश आहे" एवढंच सांगितलं. तिसरा माझ्याकडं बघतच राहिला. पाकीट दाखवणाऱ्याकडं मी परत गेलो. आपण दूध घालणारी माणसं, हा प्रश्न विचारायचा हक्क आपल्याइतका कुणाला नाही.

बिल कसं वाचायचं

समजा दोन कॅपुचिनो २४०, एक सँडविच १४०. झाले ३८०. त्याखाली सीजीएसटी अडीच टक्के ९.५० आणि एसजीएसटी अडीच टक्के ९.५०. एकूण ३९९. साध्या कॅफे-हॉटेलात जीएसटी हा एवढाच, ५ टक्के. एसी असो की नसो.

पण जीएसटी लावायचा तर बिलावर जीएसटी नंबर पाहिजे. तो १५ अंकी-अक्षरी असतो आन् महाराष्ट्रातला असेल तर २७ नं सुरू होतो. नंबरच नाही आन् कर लावलाय, तर तो घेता येत नाही. दुसरं, छोटे हॉटेलवाले "कंपोझिशन" योजनेत असतात. वर्षाला दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्यांना ती घेता येते. त्यांनी कर स्वतःच्या खिशातून भरायचा असतो, गिऱ्हाइकाकडून वेगळा घ्यायचा नसतो. त्यांच्या बिलावर "बिल ऑफ सप्लाय" लिहिलेलं असतं.

आता सर्व्हिस चार्ज. वरच्या ३८० वर कुणी दहा टक्के लावले तर ३८ रुपये झाले. हा सरकारी कर नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला सांगितलंय की तो बिलात आपोआप लावता येणार नाही, दुसऱ्या नावानंही नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना त्याविरोधात कोर्टात गेल्या, पण दिल्ली उच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ ला तोच नियम कायम ठेवला. "हा काढा" एवढं शांतपणे म्हणायचं. वेटरच्या हातावर स्वखुशीनं दहा-वीस ठेवायचे असतील तर तो वेगळा भाग, ते त्याला थेट मिळतात.

पाण्याच्या बाटलीवरून भांडणं होतात, तिथं मात्र नियम आपल्या बाजूनं नाही. किराणा दुकानदाराला छापील किमतीपेक्षा एक रुपया जास्त घेता येत नाही, पण हॉटेलात बसवून वाढलेल्या बाटलीला ते बंधन नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे. त्यामुळं बसल्या बसल्या "साधं पाणी द्या" म्हणायचं. वेटर "रेग्युलर की बाटली?" असं विचारतो, तेव्हा रेग्युलर म्हणजे साधंच.

बऱ्याच ठिकाणी मेनू कार्ड नसतं, टेबलावर क्यूआर कोड चिकटवलेला असतो. मोबाईल जमत नसेल तर वेटरला वाचून दाखवायला सांगा, त्यात कमीपणा काही नाही. पैसे देताना स्कॅन केल्यावर स्क्रीनवर कुणाचं नाव येतंय ते बघूनच पिन टाका. आणि बिल करताना मोबाईल नंबर मागतात, तो देणं सक्तीचं नाही. केंद्राच्या ग्राहक खात्यानं मे २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलंय की नंबरसाठी गिऱ्हाइकाला अडवू नका. नंतर लोन घ्या, प्लॉट घ्या म्हणून जे फोन येतात, त्यातले काही इथूनच गेलेल्या नंबरवर येत असावेत, असा माझा अंदाज.

शेवटचं, बिलावर १४ आकडी एफएसएसएआयचा नंबर शोधा. १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावर छापणं बंधनकारक आहे. खाण्यातून त्रास झाला, किंवा सर्व्हिस चार्ज काढायला नकार दिला, तर बिलाचा फोटो काढून ठेवा. बिलाच्या पैशांची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ वर करता येते, मराठीतही बोलता येतं. अन्नाची तक्रार एफएसएसएआयच्या १८००११२१०० या टोल फ्री नंबरवर. दोन्ही नंबर आत्ताच मोबाईलमध्ये सेव्ह करून घ्या, आन् घरातल्या बायामाणसांच्या मोबाईलमध्येही.