चिनी वैद्यकातलं हृदय आणि त्याची झडप

हृदयाची झडप बिघडली तर पारंपरिक चिनी वैद्यक काय म्हणतं? आधी एक लक्षात घ्या, झडप ही कल्पनाच त्यांच्या जुन्या ग्रंथांत नाही. 'ह्वांगदी नेइजिंग' हा त्यांचा आद्य ग्रंथ, साधारण २००० वर्षांपूर्वीचा. त्यात हृदयाला राजाचं पद दिलंय. रक्तवाहिन्या त्याच्या अखत्यारीत, आणि मनाचं, भानाचं वसतिस्थानही तेच. म्हणजे हृदय हा पंप नव्हे, ते एक पद आहे. पदाला झडप कुठून असणार?

मग वैद्य बघतो काय? धाप, धडधड, पायांवरची सूज. नाडी आणि जीभ तपासून तो ठरवतो की 'ची', आपण प्राणशक्ती म्हणू या, कमी पडलीय. किंवा 'यांग', म्हणजे आतली ऊब, मंदावल्यामुळे पाणी साठलंय. किंवा रक्त थबकलंय. त्यामुळे एकाच झडपेचा दोष असलेल्या दोघांना वेगवेगळं निदान मिळू शकतं. (आजच्या चीनमध्ये अशा रुग्णालयांत इकोही काढतात, तो भाग निराळा.)

त्याच ग्रंथात एक विलक्षण जागा आहे. वारा, थंडी आणि ओल यांनी होणारा, सांधे धरणारा 'बी' नावाचा विकार तिथे येतो. तो रक्तवाहिन्यांत मुरला आणि पुन्हा बाधा झाली, तर हृदयात जाऊन बसतो आणि धाप लागते. आता आपल्याकडे अजून दिसणारा ऱ्हुमॅटिक ताप आठवा. लहानपणी घसा धरतो, सांधे सुजतात, आणि वारंवार झालं की झडप जाड होऊन आकसते. साम्य चकित करणारं आहे. पण लगेच 'त्यांना सगळं ठाऊक होतं' म्हणू नका बरं का! त्यांनी क्रम टिपला, कारण मात्र वाऱ्या-थंडीला चिकटवलं. निरीक्षण बरोबर असलं म्हणून उपपत्ती बरोबर ठरत नाही.

हा नुसता तत्त्वज्ञानाच्या वर्गातला मुद्दा नाही. आकसलेली झडप काढ्याने उघडत नाही. ती फुग्याने रुंद करावी लागते, नाहीतर शस्त्रक्रिया. धातूची झडप बसवलेल्याला रक्तात गाठ होऊ नये म्हणून वॉरफरिन जन्मभर घ्यावं लागतं. आणि थबकलेलं रक्त हलवायला चिनी वैद्य 'दानशेन' नावाचं मूळ देतात. दोन्ही एकत्र घेतल्यावर वॉरफरिनचा परिणाम वाढून धोकादायक रक्तस्राव झाल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा असं काही घेत असाल, तर 'झाडपाल्याचंच तर आहे' म्हणून हृदयाच्या डॉक्टरांपासून लपवू नका.